कायद्यांतील ‘एकांत’

कायद्याचीं कलमें वाङ्मय म्हणून कोणी वाचीत नाहीं. तथापि ज्या शब्दावर माणसाची शुद्ध टिकणें अवलंबून असतें, त्याची परीक्षा करणें टीकाकाराच्या अधिकाराबाहेरचें आहे, असें आम्हांस वाटत नाहीं. ‘एकांतवास’ हा असा शब्द होय.

भंडाऱ्याच्या डोंगरावर तुकोबा ज्यासाठीं जात, तो एकांत. तेंच नांव तुरुंगांतील कोठडीस देऊन भाषांतरकारांनीं शिक्षेला विनाकारण सात्त्विकपणा आणला आहे.

कायद्यानें मुदती मात्र चोख घातल्या. १८६० च्या दंडसंहितेप्रमाणें ६ महिन्यांपर्यंतच्या सक्तमजुरीस १ महिना, वर्षापर्यंत २, त्यापुढें ३. एका वेळीं १४ दिवसांहून अधिक नाहीं, आणि मध्यें निदान तितकाच खंड. शिक्षा ३ महिन्यांवर असल्यास महिन्यांत ७ दिवसच. २०२३ च्या न्यायसंहितेनेंहि हीच मापें राखलीं. १८९४ च्या तुरुंग-कायद्यानें शिस्तभंगासाठीं जी कोठडी सांगितली, तींत इतरांशीं बोलणें बंद, पण इतर दृष्टीस पडणें बंद नाहीं! हा भेद अलंकारशास्त्रांत शोभला असता. ‘माझी जन्मठेप’ (१९२७) या ग्रंथानें मराठी वाचकांच्या परिचयाच्या झालेल्या अंदमानच्या तुरुंगांत तर एका चाळीचें तोंड दुसरीच्या पाठीकडे आहे. तेथें शब्दांनीं ठेवलेली फट भिंतींनीं बुजविली.

खरी मौज पुढेंच आहे. मुदत शब्दाला असते. शब्द टाळला कीं मुदतहि टळते. फांशीची शिक्षा झालेल्या सुनील बत्रा यांस तिहारमध्यें वेगळें ठेवलें होतें. अधिकाऱ्यांचें म्हणणें, हा एकांतवास नव्हेच, ३० व्या कलमांतली निराळी कोठडी आहे. १९७८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें हा शब्दच्छल मानला नाहीं. एकांतवास ही स्वतंत्र शिक्षा आहे, ती देण्याचा अधिकार न्यायालयाचा, तुरुंगाचा नव्हे, असा निर्णय झाला. नांव सोडून वस्तु पाहणारें हें वाचन आम्हांस उत्तम टीकेचा नमुना वाटतें.

संयुक्त राष्ट्रांचे २०१५ चे मंडेला-नियम त्याच वाटेनें जातात. दिवसाचे २२ वा अधिक तास अर्थपूर्ण मानवी संपर्कावांचून ठेवणें म्हणजे एकांतवास. सलग १५ दिवसांवर तो निषिद्ध. येथें कोठडीच्या नांवाला महत्त्व नाहीं, तासांना आहे. गद्य म्हणूनहि हें अधिक प्रामाणिक आहे. मात्र ‘अर्थपूर्ण’ हें विशेषण आम्हांस खटकतें. भाकरी आंत सरकवितांना शिपायानें उच्चारलेले दोन शब्द त्यांत धरावयाचे कीं नाहींत, हें नियमांत कोठेंच सांगितलेलें नाहीं.