बालगंधर्वांचे पद : रंगभूमीवरील व तबकडीवरील

नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व (१८८८–१९६७) यांच्या गायकीचे मूल्यमापन आज प्रायः ध्वनिमुद्रिकांवरूनच केले जाते. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन मिनिटे मिळत. नाट्यगृहात तेच पद ‘वन्समोअर’मुळे कितीतरी लांबत असे. (त्या आग्रहात रसिकतेपेक्षा हट्टाचा अंश पुष्कळदा अधिक असे.) परंतु तबकडीने केवळ विस्तार गमावला असे नव्हे. नाट्यपद हे संवादातून उगवते. खाडिलकरांच्या ‘स्वयंवर’ (१९१६) नाटकातील रुक्मिणी बोलता बोलता गाऊ लागते. भास्करबुवा बखले यांनी दिलेल्या चालींतील रागदारी तिच्या बोलण्याच्या ओघातच येते. तबकडीवर आधीचे गद्य नसते. त्यामुळे पदाचा आरंभ निराधार वाटतो, आणि श्रोता भूमिकेऐवजी राग ऐकू लागतो.

एक गोष्ट मात्र तबकड्यांनी जपली, ती म्हणजे शब्दोच्चार. बालगंधर्वांच्या गाण्यात तान सहसा शब्दाचा बळी घेत नाही. संगीतसमीक्षेने या अंगाची यथोचित दखल घेतलेली नाही. नाटकाची छापील संहिता शेजारी ठेवून मुद्रिका ऐकली, तर पहिला स्वर कोणत्या वाक्याला उत्तर देत आहे हे बरेचसे उमगते.