जाहिरातकार शं. वा. किर्लोस्कर : एक भाषाविषयक विचार

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात शंकर वासुदेव किर्लोस्कर (१८९१–१९७५) यांचा उल्लेख येतो तो ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ या तीन मासिकांचे कर्ते संपादक म्हणून. हा उल्लेख यथार्थ आहे. परंतु तो अपुरा आहे. शंकरराव मुळात एका कारखान्याच्या मालाची जाहिरात करणारे गृहस्थ होते, आणि त्यांचे संपादकत्व त्या जाहिरातीच्या पोटीच जन्माला आले. आपले अभ्यासक ही गोष्ट सांगतात, पण काहीशा संकोचाने. थोराच्या चरित्रातील गरिबीचे दिवस सांगावेत तशी. प्रस्तुत लेखात नेमक्या त्याच भागाचा भाषेच्या दृष्टीने विचार करावयाचा आहे. या विचारास निमित्त झाला तो बारामती-इंदापूरचा परिसर. त्याचा उलगडा पुढे होईल.

शंकररावांचे चुलते लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी लोखंडी नांगर बनविला, तेव्हा शेतकरी तो घेईनात. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी त्यांची समजूत होती असे नेहमी सांगितले जाते. या कथेकडे भाषेच्या अंगाने पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. लाकडी नांगराला हाळीस होते, रुमणे होते आणि फाळही होता. आणि फाळ हा पूर्वापार लोखंडाचाच असे. म्हणजे लोखंड मातीत जात नव्हते असे नाही. शेतकऱ्याला भय वाटले ते धातूचे नव्हे, अनोळखी आकाराचे. लाकडी नांगर जमीन चिरतो. लोखंडी नांगर ती पालथी घालतो, हरळी-कुंद्याची मुळे वर काढतो. हे नवे काम त्याने कधी पाहिलेले नव्हते. अशा वेळी जाहिरातकारापुढे दोन मार्ग असतात. वस्तू नवी म्हणून नवा शब्द घडवावा आणि त्याच्या नवलाईवर ती विकावी, हा एक. जुन्या शब्दाच्या आधाराने नवी वस्तू ओळखीची करून द्यावी, हा दुसरा. ‘लोखंडी नांगर’ या नावात दुसरा मार्ग स्वीकारलेला दिसतो. नाम कायम राहिले, केवळ विशेषण बदलले. पुढे ‘ट्रॅक्टर’ आला तो आपले नाव घेऊनच आला. नांगराला मात्र शेतकऱ्याच्या कोशात आधीच जागा होती.

चित्रकलेचे शिक्षण घेतलेले शंकरराव किर्लोस्करवाडीस येऊन या कामास लागले आणि १९२० साली त्यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. हे पत्र प्रथमतः कारखान्याचा माल विकणारे आणि तो घेणारे यांच्यासाठी होते. त्या काळी बहुसंख्य शेतकरी निरक्षर होते, ही गोष्ट येथे दृष्टिआड करून चालणार नाही. छापील मजकूर प्रत्यक्ष शेतकऱ्याच्या डोळ्यांपर्यंत पोहोचणे दुर्घट होते. तो पोहोचावयाचा तर विक्रेत्याच्या किंवा गावातल्या एखाद्या वाचत्या माणसाच्या तोंडून. म्हणजे हे लेखन वाचून संपणारे नव्हते, ते पुन्हा बोलले जाणारे होते. जे वाक्य बांधावर उभे राहून उच्चारता येत नाही ते अशा लेखनात निरुपयोगी ठरते. मराठी गद्याच्या सुबोधतेचे श्रेय आपण बहुधा निबंधकारांना व वृत्तपत्रकारांना देतो. त्यात नांगराच्या जाहिरातकाराचाही वाटा आहे, असे माझे मत आहे.

येथे बारामतीच्याच एका थोर कवीची आठवण होते. मोरोपंतांनी (१७२९–१७९४) ओष्ठ्य वर्ण वर्ज्य करून ‘निरोष्ठ रामायण’ रचले. ते बंधन कवीने स्वतः होऊन स्वतःवर घातले होते आणि त्यातून त्याचे प्रभुत्व प्रकट होते. जाहिरातकारावरील बंधन ऐकणारा घालतो. त्याच्या बोलीत जो वर्ण, जो शब्द, जे वळण नाही ते लिहिणाऱ्याला आपोआप वर्ज्य होते. पहिल्या बंधनाला आपण कला म्हणतो आणि दुसऱ्याला धंदा. परंतु भाषेच्या अभ्यासकाने दोहोंकडे सारख्याच आस्थेने पाहावयास हवे.

१९२९ साली पत्राच्या नावातील ‘खबर’ हा शब्द गेला आणि ‘किर्लोस्कर’ एवढेच उरले. ‘खबर’ मूळचा अरबी. भाषाशुद्धीच्या दृष्टीने या बदलाचा विचार पुष्कळ झाला आहे. त्याचा दुसरा परिणाम मात्र दुर्लक्षित राहिला. अरबी शब्द गेल्यावर जे उरले ते मालाचे नाव होते. एका आडनावाने प्रथम नांगराचे विशेषण व्हावे आणि पुढे स्वतंत्र नाम होऊन मासिकाच्या मुखपृष्ठावर बसावे, हा प्रवास अर्थविस्ताराचे उत्तम उदाहरण आहे. आज ज्याला ‘ब्रँड’ म्हणतात ते याहून निराळे नाही. आणखी एक गंमत अशी की, ‘खबर’ वगळता आली; पण ‘जाहिरात’ हाही अरबी ‘जाहीर’पासून आलेला शब्द असून तो मात्र कोणाला हलविता आला नाही. ज्या शब्दावाचून व्यवहार अडतो तो शब्द शुद्धीच्या चाळणीतून सहसा गळत नाही.

येथवर शंकररावांचे यश झाले. आता त्याची दुसरी बाजू. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ निघाले. सामाजिक सुधारणा, विज्ञाननिष्ठा, स्त्रीशिक्षण यांचा पुरस्कार करणारा एक मोठा वाचकवर्ग या मासिकांभोवती जमला. त्यांचे ऋण कोणी नाकारणार नाही. तथापि हा वर्ग नांगर घेणाऱ्यांचा नव्हता. तो मुख्यतः शहरांतील व तालुक्याच्या गावांतील सुशिक्षित मध्यमवर्ग होता. ज्याच्याशी बोलण्यासाठी पत्राचा जन्म झाला तो शेतकरी हळूहळू मागे पडला आणि पुढे पुढे तर लेखाचा विषय म्हणूनच पानांत येऊ लागला. जाहिरात जसजशी वाङ्मय होत गेली तसतसा तिचा मूळचा श्रोता हरपत गेला. वाङ्मयाच्या इतिहासकाराला ही प्रगती वाटते. भाषेचा अभ्यासक मात्र विचारील : शेतीची बोली लिहिण्यात रुजविण्याची जी संधी १९२० साली आली होती, तिचे पुढे काय झाले? या बाबतीत शंकररावांना एकट्याला दोष देणे अन्यायाचे होईल. वाचणारा मिळाला की लिहिणारा त्याच्याकडे वळतो, हा नियमच आहे. परंतु थोरवी सांगताना हा तोटाही सांगितला पाहिजे.

आता बारामती-इंदापूरकडे वळतो. या दोन तालुक्यांतून नीरेचा डावा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून वाहतो आहे आणि त्याच्यामागून ऊस आला. वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांनी १९३० नंतरच्या दशकात इंदापूर तालुक्यातील कळंबजवळ साखर कारखाना उभारला. त्या वसाहतीचे नाव वालचंदनगर. किर्लोस्करवाडी १९१० ची. दोन्ही नावांत उद्योजकाचे नाव पुढे आहे. फरक आहे तो प्रत्ययवत् येणाऱ्या उत्तरपदात. ‘वाडी’ म्हणताच काटेवाडीसारखे एखादे शेतवस्तीचे गाव डोळ्यांपुढे येते. ‘नगर’ हे संस्कृत, भारदस्त, आखीव रस्त्यांचे. सहकारी कारखान्यांच्या काळात याच पट्ट्यात भवानीनगर झाले. ‘माळेगाव’, ‘सोमेश्वर’, ‘छत्रपती’ अशी गावाची, दैवताची, इतिहासाची नावे कारखान्यांना मिळाली. प्रत्येक नाव ही एक जाहिरातच होय. फक्त ती ग्राहकाला उद्देशून नाही, सभासदाला उद्देशून आहे. आपला कारखाना आपला वाटावा, हा तिचा हेतू.

लोक मात्र नाव जसे दिले तसे घेतात असे नाही. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत एका इटालियन कंपनीची तीनचाकी गाडी तयार होते. तिचे नाव इटालियन भाषेत ‘आपे’, म्हणजे मधमाशी. आपल्याकडे ती ‘ॲपे’ झाली. मधमाशी केव्हाच उडून गेली, उच्चार बदलला, आणि ‘ॲपेने आलो’ अशी मराठी विभक्ती त्या नावाला लागली. कंपनीने अर्थ दिला, लोकांनी व्याकरण दिले; आणि टिकले ते व्याकरण.

याच्या उलट अनुभव वर्गात आला. पदवीच्या विद्यार्थ्यांना मी एकदा ठिबक सिंचनाच्या संचाची जाहिरात लिहावयास सांगितली. बहुतेक मुले उसाच्या घरांतली. आडसाली, सुरू, खोडवा, बेणे हे शब्द त्यांच्या जिभेवर सहज येतात. कागदावर मात्र ‘समृद्धीची हमी’, ‘प्रगतीचा विश्वास’ अशीच वाक्ये उतरली. काहींनी ‘ठिबक आहे तर चिंता कशाची’ असे लिहिले. हे वळण हिंदीचे आहे, हे त्यांच्या ध्यानातही आले नाही. तास संपल्यावर एक विद्यार्थिनी सहज म्हणाली, “पाटाला पाणी उशिरा आलं, तरी विहिरीच्या थेंबावर ऊस तग धरतो, एवढंच तर सांगायचं होतं.” मी विचारले, “मग ते लिहिले का नाही?” ती म्हणाली, “सर, ते लिहायचं नसतं.”

हे उत्तर मला अस्वस्थ करून गेले. त्या मुलीला भाषा येत नव्हती असे नाही. आपली भाषा लिहिण्याच्या योग्यतेची नाही, असे तिला कोणीतरी शिकविले होते, आणि त्या कोणीतरीमध्ये आम्ही अध्यापकही आलो. गावोगावच्या फलकांवरील पुष्कळसा मजकूर आज अन्य भाषेत सुचतो आणि मराठीत उतरविला जातो. तो वाचून वाढलेल्या मुलाला तीच लेखनाची मराठी वाटू लागल्यास नवल नाही.

म्हणून शंकररावांच्या कारकिर्दीचा अभ्यास केवळ मासिकांचा इतिहास म्हणून होऊ नये. ‘किर्लोस्कर खबर’च्या आरंभीच्या अंकांतील जाहिराती वेगळ्या काढून त्यांतील शब्दसंग्रह, वाक्यरचना आणि संबोधने यांची पद्धतशीर नोंद व्हावयास हवी. शेतकऱ्याला कोणत्या सर्वनामाने हाक मारली आहे, अवजारांची नावे कोणत्या भागातील आहेत, त्यांतील कोणती पुढे गळाली, हे त्यातून कळेल. हे काम आमच्या विद्यार्थ्यांनी करावे, आणि जमल्यास त्याची सुरुवात त्या मुलीने करावी, अशी माझी इच्छा आहे. जे लिहायचे नसते असे तिला वाटते, ते एके काळी छापले जात होते की नाही, हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी तपासून पाहावे.