बापाच्या नावाचा रकाना

मराठी कथा-कादंबरीतलं अनाथ पोर मला शाळेच्या बाकावर फारसं कधी भेटलं नाही. ते भेटतं देवळाच्या पायरीवर, नाहीतर कुणा दयाळू वकिलाच्या बंगल्यात. शेवटी ते घरंदाज रक्ताचं निघतं आणि वाचकाचा जीव भांड्यात पडतो. पांढरपेशी करुणा ही अशीच. तिला पोराचं दुःख चालतं, त्याची जात चालत नाही.

हे ढोंग आपल्या आत्मकथनांनी फोडलं. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'त (१९८४) बापाचं नाव हा शाळेच्या रजिस्टरातला साधा रकाना राहत नाही, तो सगळ्या गावगाड्याचा पंचनामा होतो. मोठं काम झालं हे. पण दोस्तहो, मला एक सवाल करायचाय. आत्मकथन लिहितो कोण? शाळेत टिकला तो. तिसरीत गळालेल्याचं पुस्तक निघत नाही. म्हणून आपल्या वाङ्मयात जिद्दीनं शिकलेला पोरगा भेटतो, आणि आपण समीक्षक त्याच्या जिद्दीचे पोवाडे गातो. बालगृहातलं आठ वर्षांचं पोर ह्या पोवाड्यात बसत नाही. त्याच्याकडं जिद्द मागणं हीसुद्धा एक निर्दयताच.

ते शाळेत कसं असतं बघा. समितीचा आदेश निघतो, वर्षाच्या मधेच बालगृह बदलतं, शाळा बदलते, दाखला मागं राहतो. नव्या वर्गात 'माझे कुटुंब' हा निबंध वाट बघत असतो. एका शाळेत मी गुरुजींची हाक ऐकली, "ए होमवाले, उभे राहा!" त्या पोरांना नावं होती. असं पोर खिडकीबाहेर बघत बसतं, नाहीतर मारामाऱ्या करतं. मग शेरा पडतो, 'अभ्यासात लक्ष नाही.' अरे, ज्याची आई सुटली त्याचं चित्त पाढ्यात कसं लागायचं? त्याला मठ्ठ ठरवून मागच्या बाकावर ढकलणं, ही पुन्हा वेशीबाहेर बसवण्याचीच रीत.

कायदा आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो, दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवायचा नाही, वयाप्रमाणे वर्ग द्यायचा, मागचं राहिलेलं खास शिकवून भरून काढायचं, मारायचं नाही, मनाचा छळ करायचा नाही. २०१५ चा बाल न्याय कायदा प्रत्येक पोरासाठी वेगळा संगोपन आराखडा मागतो. माझ्या पाहण्यात तो फायलीतच झोपलेला असतो, वर्गशिक्षकाला त्याचा पत्ता नसतो. सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत पाऊण जागा आई-बापांच्या किंवा पालकांच्या. वंचितांना त्यात प्रमाणात वाटा. मग ह्या पोरांच्या वतीनं तिथं कोण बसतं? जाऊन विचारा.

जोतीराव-सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, तेव्हा मूल कुणाचं हे विचारलं नाही. त्यांनी दत्तक घेतलेला यशवंत पुढं डॉक्टर झाला. आई गेल्यावर बाबासाहेबांना आत्या मीराबाईंनी सांभाळलं. मिरवणुकीत आपण हे विसरतो. शिकणाऱ्या पोरामागं एक माणूस उभं असावं लागतं, हा आपलाच इतिहास आहे.

तेव्हा १४ एप्रिलला बालगृहात वह्या वाटून फोटो काढणं पुरे झालं. आठवड्याचे दोन दिवस ठरवा. रीतसर परवानगी काढा, त्याच पोरांजवळ बसून वाचन घ्या, आणि ठरल्या दिवशी जाच. येतो म्हणून न येणारी माणसं त्यांनी खूप पाहिलीत. गुरुजींना सांगा, निबंध 'मला जपणारं माणूस' असा द्या. शाळा बदलली तर जुन्या वह्या पोराबरोबर जातील असं बघा. पालकसभेत त्याच्या नावानं खुर्ची मागा. कविता नंतर लिहू. आधी ते पोर चौथीत जाऊ दे.