चौदाव्या दिवसाची आकृती

ऋतुचक्राच्या प्रकरणात बहुतेक पुस्तकांतून आणि भिंतीवरच्या तक्त्यांतून एकच आकृती आढळते. तळाशी १ ते २८ दिवस, वर चार संप्रेरकांच्या चार रेषा आणि बरोबर मध्यावर, १४ व्या दिवशी, अंडमोचन. आकृती सुबक आहे, पाठ करायला सोपीही आहे. आमची तक्रार एवढीच, की तिच्यावरून मुले तारखा शिकतात, कारणे शिकत नाहीत.

प्रत्यक्षात काय घडते? पीयूषिका ग्रंथीतून येणाऱ्या पुटिका संप्रेरकामुळे (एफ.एस.एच.) अंडाशयातील काही पुटिका वाढू लागतात व इस्ट्रोजेन तयार करतात. हे इस्ट्रोजेन आरंभी पीयूषिकेला आवर घालते. परंतु एक पुटिका पुरेशी मोठी होऊन तिने इस्ट्रोजेनची वरची पातळी सुमारे दोन दिवस टिकवली, की परिणाम उलटा होतो आणि पीतपिंडकारी संप्रेरकाची (एल.एच.) लाट उसळते. त्यानंतर साधारण ३६ तासांनी अंडपेशी बाहेर पडते. थोडक्यात, अंडमोचनाचा दिवस पुटिकेच्या तयारीवर ठरतो.

याला प्रयोगाचा आधार आहे. १९८० मध्ये अर्न्स्ट क्नोबिल व त्यांच्या सहकाऱ्यांनी ऱ्हीसस माकडांच्या माद्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. मेंदूतील अधश्चेतकाचा संबंधित भाग निकामी करून तेथील संप्रेरक त्यांनी बाहेरून, दर तासाला एकदा, न बदलणाऱ्या मात्रेत दिले. तरीही अंडमोचनासह पूर्ण चक्रे झाली! मेंदूकडचा ठेका महिनाभर तोच होता. मग महिना मोजत कोण होते? अर्थात अंडाशय.

अंडमोचनानंतर रिकाम्या पुटिकेचे पीतपिंड बनते. गर्भधारणा न झाल्यास ते सुमारे १४ दिवसांत क्षीण होते, प्रोजेस्टेरॉन घटते आणि गर्भाशयाचे अस्तर गळू लागते. हा उत्तरार्ध बराचसा ठरलेला. लांबतो किंवा आखूड होतो तो मुख्यतः पूर्वार्ध. म्हणून ३५ दिवसांच्या चक्रात अंडमोचन २१ व्या दिवसाच्या सुमारास होते.

हा फरक किरकोळ नव्हे. पाळी सुरू झाल्यावर पहिली काही वर्षे २१ ते ४५ दिवसांचे अंतर स्वाभाविक असते. मेंदू, पीयूषिका व अंडाशय यांचा मेळ बसायला वेळ लागतो. पण २८ चा आकडा पाठ केलेली मुलगी ३५ व्या दिवशी स्वतःला आजारी समजते आणि संकोचाने गप्प राहते. उलट, तीन महिने पाळी आली नाही तर डॉक्टरांकडे जायला हवे, हे तिला कोणी सांगितलेले नसते.

आकृती काढून टाका असे आम्ही म्हणत नाही. तिच्या शेजारी फळ्यावर २६, २८ आणि ३५ दिवसांच्या तीन पट्ट्या आखाव्यात आणि प्रत्येकीत अंडमोचन कोठे येईल हे वर्गाला शेवटाकडून मोजून शोधू द्यावे. मग १४ हा आकडा कोठून आला, हे मुलामुलींना आपोआप उमगेल.