काट्यांचा मुकुट आणि मराठी ओवी

राजाच्या दुःखाची कथा मराठी वाचकास नवी नाहीं. रामचंद्रास चौदा वर्षें वनवास घडला, हरिश्चंद्रास डोंबाघरीं चाकरी करावी लागली, आणि त्या कथा ऐकतां ऐकतां आमच्या घरोघरच्या वडीलधाऱ्यांचे डोळे ओले झाले. परंतु या कथांत दुःख ही राजपदाच्या वाटेवरील कसोटी असते. सत्त्व कसास उतरलें कीं गेलेलें परत येतें. ख्रिस्तकथेंत ही मांडणीच उलटी होते. तेथें दुःख संपल्यावर राज्याभिषेक व्हावयाचा नसतो. दुःख हाच राज्याभिषेक होय.

शिपाई थट्टेनें जांभळा झगा चढवितात, काट्यांचा मुकुट माथ्यावर ठेवितात, राजदंड म्हणून हातीं वेत देतात व गुडघे टेकून मुजरा करितात. क्रुसावर ‘यहुद्यांचा राजा’ ही पाटी हिब्रू, लॅटिन व ग्रीक अशा तीन भाषांत लागते. लिहविणाऱ्यानें ती आरोप म्हणून लिहविली. भक्त ती बिरुदावली म्हणून वाचतो.

हा अर्थ मराठींत उतरविण्याचें धाडस फादर टॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानें केलें. १५७९ सालीं तो गोव्यास आला आणि १६१६ सालीं रायतूर येथें त्याचें ‘ख्रिस्तपुराण’ रोमन लिपींत छापून निघालें. सुमारें अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथास त्यानें आमच्या पुराणांचा घाट दिला. स्वर्गास वैकुंठ म्हटलें. ही निवड ग्रंथाचें बळ आहे, तसाच धोकाही आहे. पुराण म्हटलें कीं श्रोता शेवटीं विजयाची वाट पाहतो. कोणी विचारील, पुनरुत्थान हा विजयच नव्हे काय? मग हरिश्चंद्राहून भेद तो कोणता? आमच्या मतें भेद व्रणांत आहे. हरिश्चंद्राच्या कथेंत दुःख अखेर मागें पडतें. पुनरुत्थित ख्रिस्त मात्र शंकेखोर थोमास आपल्या हातांवरील व्रण दाखवितो. ते पुसले गेलेले नाहींत. तींच त्या राजाचीं राजचिन्हें.

येथेंच थांबणें मात्र प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. ज्या गोव्यांत हें पुराण रचलें गेलें, तेथें धर्माच्या पाठीशीं पोर्तुगीज सत्तेची तलवार होती. १५६० सालीं आलेलें इन्क्विझिशन १८१२ सालीं कायमचें उठलें. १५८३ सालीं कुंकळ्ळीस पांच जेझुइट मारले गेले. पुढें त्या गांवच्या प्रमुखांस बोलणीं करण्याच्या मिषानें असोळण्याच्या किल्ल्यांत बोलावून ठार करण्यांत आलें. काट्यांच्या मुकुटाशेजारीं सोन्याचा मुकुट उभा होता, आणि श्रोत्यास दुसराच अधिक जवळून दिसत होता. हा दोष ओवीचा नव्हे. परंतु ओवी वाचतांना तो विसरतांही येत नाहीं.

म्हणून या कल्पनेची खरी परीक्षा आचरणांत पाहावी लागते. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतला. १९१७ सालीं त्यांनीं मिशनची पगारी चाकरी सोडली व ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा न घेतलेल्यांसही त्यांत मज्जाव नव्हता. नांव दरबाराचें, परंतु तेथें ना सिंहासन, ना वतन! राजा जर व्रणांनीं ओळखावयाचा, तर त्याचा दरबार असाच असावयास हवा.

रामायणाची आठवण देणारें नांव धारण करणारें टिळकांचें ‘ख्रिस्तायन’ १९१९ सालीं त्यांच्या मृत्यूमुळें अपुरें राहिलें. पतीच्या धर्मांतरामुळें जिला कांहीं वर्षें ताटातुटीचें दुःख सोसावें लागलें, त्या लक्ष्मीबाईंनींच तें पुढें पूर्ण केलें. दुःखांतून प्रकटणाऱ्या राजाची कथा तडीस नेण्यास याहून अधिकारी लेखणी आम्हांस तरी सुचत नाहीं.