डब्लिनर्स

डब्लिनर्स : जेम्स जॉइस (१८८२–१९४१) ह्या आयरिश साहित्यिकाचा इंग्रजी कथासंग्रह. ह्यातील पंधरा कथा १९०४–०७ ह्या काळात लिहिल्या गेल्या. तथापि संग्रह प्रसिद्ध झाला तो १९१४ मध्ये. लंडनच्या ग्रँट रिचर्ड्सने तो १९०६ मध्ये स्वीकारून, मुद्रकाने आक्षेप घेतल्यानंतर नाकारला होता. पुढे डब्लिनमध्ये छापले गेलेले फर्मे १९१२ मध्ये नष्ट करण्यात आले. त्यानंतर जॉइस पुन्हा कधीही आयर्लंडला गेला नाही. अखेरीस रिचर्ड्सनेच हे पुस्तक काढले.

बालपण, तारुण्य, प्रौढपण आणि सार्वजनिक जीवन अशा क्रमाने कथांची मांडणी केलेली आहे. डब्लिन हे जॉइसला पक्षाघाताचे केंद्र वाटत होते. ‘द सिस्टर्स’ ह्या पहिल्याच कथेत पक्षाघाताने मरणारा धर्मगुरू येतो. ‘एव्हलिन’ची नायिका बोटीत पाऊल टाकण्याच्या क्षणी धक्क्यावरच खिळून राहते. ‘काउंटरपार्ट्स’मधील कारकून कचेरीत अपमान गिळतो, घड्याळ गहाण टाकून दारू पितो आणि घरी येऊन पोराला बडवतो. घटना एवढीच. लेखक त्यावर भाष्य करीत नाही.

ह्या कथांची चर्चा ‘एपिफनी’ म्हणजे अकस्मात होणारे सत्यदर्शन, ह्या जॉइसच्याच संज्ञेच्या आधारे करण्याचा प्रघात आहे. ‘ॲरबी’तील मुलाच्या बाबतीत ती चपखल बसते, सर्वत्र मात्र नाही. ‘क्ले’मधील मरायाला काहीच उमगत नाही. डोळे बांधून खेळावयाच्या खेळात तिचा हात ओल्या मातीवर पडतो, भोवतालची माणसे चपापतात. नंतर ती गाण्याचे दुसरे कडवे विसरून पहिलेच पुन्हा म्हणते आणि कोणीही तिची चूक दाखवीत नाही. निवेदनाची भाषाही तिच्याच भाबड्या शब्दकळेतून घडवलेली असल्याने तिचे एकाकीपण वाचकालाच तिच्या पाठीमागून ओळखावे लागते. जॉइसचे खरे सामर्थ्य ह्या संयमात आहे.

लेखक आपल्या नगरीशी निष्ठुरपणे वागला, हा आक्षेप सर्वस्वी निराधार नाही. ‘आफ्टर द रेस’सारखी कथा उपरोधापलीकडे फारशी जात नाही. आयरिश आतिथ्यशीलतेला आपण न्याय दिला नाही, अशी कबुली जॉइसने स्वतःच १९०६ मध्ये आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात दिली होती. १९०७ मध्ये त्रिएस्त येथे लिहून झालेल्या ‘द डेड’ ह्या अखेरच्या, सर्वांत दीर्घ कथेत ती उणीव भरून निघते. मावश्यांच्या घरच्या मेजवानीत भाषण करणारा गेब्रिएल काहीसा आत्मसंतुष्ट आहे. त्याच रात्री पत्नीच्या तोंडून तिच्यासाठी झुरून मेलेल्या एका मुलाची हकीकत ऐकल्यावर त्याला स्वतःच्या प्रेमाचे तोकडेपण कळते; पण कथा त्याची कीव करीत नाही. जिवंतांवर आणि मृतांवर सारखाच पडणारा हिमवर्षाव सगळ्या देशाला कवेत घेतो. ह्या कथेवर जॉन ह्यूस्टनने १९८७ मध्ये चित्रपट काढला.

‘यूलिसिस’ हीदेखील ह्याच संग्रहासाठी योजलेली एक कथा होती. त्या नावाची कादंबरी १९२२ मध्ये प्रसिद्ध झाली आणि लेनहन, कॉर्ली, मार्टिन कनिंगहॅम ही ‘डब्लिनर्स’मधील माणसे तीत पुन्हा वावरताना दिसतात.