न झालेल्या कालव्याला आपण ‘अपयशी’ का म्हणतो?

लोणावळ्यात राहणाऱ्याला बोरघाटातल्या रेल्वेचा इतिहास शोधायला कुठे जावं लागत नाही. कर्जतहून गाडीला मागून ढकलत आणणाऱ्या बँकर इंजिनाचा आवाज रोज कानावर येतो. हा घाटमार्ग 1863 साली सुरू झाला. पण त्याच दशकात, आजच्या महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, गोदावरी-प्राणहितेतून बोटी थेट कापूसपट्ट्यापर्यंत न्यायची खटपट चालू होती. पीएचडीला लागेपर्यंत मला याचा पत्ताच नव्हता.

आधी योजना समजून घेऊ. आर्थर कॉटनने गोदावरीवरचा धवलेश्वरमचा बंधारा 1852 साली पूर्ण केला. त्यानंतरची कल्पना होती समुद्रकिनाऱ्यापासून वर्ध्याच्या बाजूला वर चढणाऱ्या जलमार्गाची. वाटेत खडकांचे तीन मोठे अडथळे होते: दुम्मागुडेम, सिरोंचाच्या खाली एंचमपल्ली आणि अहेरी भागात प्राणहितेवरचं देवलमरी. नदी अडवायची, खडक टाळून बाजूने कालवा काढायचा आणि दारं असलेल्या हौदांतून बोटी पायरी-पायरीने वर घ्यायच्या. दुम्मागुडेमला बरंच बांधकाम झालं. वरचा मार्ग मात्र कधीच पूर्ण झाला नाही. 1871 मध्ये काम सोडून दिलं.

का? याची दोन उत्तरं हमखास मिळतात.

पहिलं उत्तर निसर्गाचं: नदी अवघड, उन्हाळ्यात पाणी नाही. दुसरं पैशाचं. रमेशचंद्र दत्तांनी 1904 च्या आपल्या आर्थिक इतिहासात रेल्वेला झुकतं माप आणि कालव्यांकडे दुर्लक्ष, अशी कडक टीका केली. तिला आधारही आहे. रेल्वे कंपन्यांना भांडवलावर 5 टक्के व्याजाची सरकारी हमी होती. तोटा झाला तर भरणार रयत.

दोन्ही उत्तरं खरी आहेत, पण अपुरी. मी एक साधी कसोटी वापरते: हरलेल्या प्रकल्पाला लावलेलं कारण जिंकलेल्यालाही लावून बघायचं.

‘काम अवघड होतं’ हे बोरघाटाला लावा. 25 बोगदे, पटकीने मेलेले मजूर, आणि मार्ग सुरू झाल्यावर चारच वर्षांनी, 1867 मध्ये, कोसळलेला एक मोठा पूल. तरी रेल्वे कुणी गुंडाळली नाही. म्हणजे नुसत्या अवघडपणाने प्रकल्प मरत नाही.

आता ‘सरकारला कालवे नकोच होते’ हे धवलेश्वरमला लावा. तेच सरकार, तीच नदी. पण खाली त्रिभुज प्रदेशात कालवे झाले आणि त्यांतून बोटीही चालल्या. शिवाय हमी पैसा आणते, मे महिन्यात पाणी आणत नाही. कुरवंड्याकडून येणारी आपली इंद्रायणी जुलैत बघा आणि मेमध्ये बघा, मुद्दा लक्षात येईल.

मग सुटलं काय? काळाचा क्रम. अमेरिकेतलं यादवी युद्ध 1861 ला सुरू झालं, तिकडचा कापूस अडला आणि मध्य भारतातल्या कापसाला एकदम भाव आला. 1865 ला युद्ध संपलं, भाव कोसळले. 1867 ला रेल्वे थळ घाटाच्या वाटेने नागपूरपर्यंत पोचली. कापसाला मुंबईची वाट मिळाली आणि अर्धवट जलमार्गाला गिऱ्हाईकच उरलं नाही. पाणी, पैसा आणि वेळ ही तिन्ही कारणं एकत्र धरली तरच 1871 चा निर्णय कळतो.

माझ्या प्रकरणाच्या पहिल्या खर्ड्यात ‘रेल्वेमुळे कालवा मागे पडला’ असं वाक्य होतं. ते मी खोडलं. कारण ते कारण नाहीये, निकालच आहे. फक्त ‘मुळे’ हे शब्दयोगी अव्यय लावलेलं. संशोधन आराखडा लिहिताना तुमचीही अशी वाक्यं शोधून काढा.

पण ही कसोटी माझ्या उत्तरालाही लावायला हवी. ‘गिऱ्हाईक उरलं नाही’ असं म्हणताना मी गिऱ्हाईक कुणाला धरलं? कापसाच्या व्यापाऱ्याला. सिरोंचा तर त्याच वाटेवर होतं, आणि तिथे आजही रेल्वे नाही. कालवा रद्द झाला तेव्हा तिथल्या माणसांची गरज हिशेबात नव्हती. दीडशे वर्षांनी माझ्याही हिशेबातून ती सुटत होती.

न झालेल्या प्रकल्पाबद्दल ‘का झाला नाही’ हे विचारायचंच. पण त्याआधी विचारा: तो होणार होता कुणासाठी?